दांडी ते बोईसर, आणि परत

पुष्पलताने सायकलीवर टाकलेलं फाटकं जाळं ओढून काढलं आणि रॉकेलात बुडवलेल्या चिंधीने साखळी पुसायला घेतली. खाऱ्या वाऱ्याने चार महिन्यांत कडी न् कडी गंजली होती. कमलाकांत ओट्यावर बसून बघत होता, सायकल शेजाऱ्याची असल्यासारखा.

"झाली का तयारी, वयनी?" हरेश्वर दारातूनच ओरडला.

"सायकल मी तयार करते. वर बसणारा तुमी तयार करा."

हरेश्वर कुंभवलीच्या कारखान्यात कमलाकांतच्याच पाळीला होता. सायकलफेरीची कल्पना त्याची. वर्षभरात दांडीत बरीच मरणं झाली होती, आणि मागे उरलेले बाप्ये एकेक करून गप्प होत चालले होते. कुणी दारूत बुडाला, कुणी होडीवर जायचा थांबला. बोईसरच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा गावात येऊन या माणसांशी बोलत बसायचं कबूल केलं होतं. त्यांच्या येण्याजाण्याचा आणि औषधांचा खर्च निघावा म्हणून ही फेरी. वाटेतल्या गावांत मदतीचा डबा फिरवायचा, बोईसर गाठायचं, परत यायचं. हरेश्वरच्या हँडलला पत्र्याची पाटी होती : 'दुःख बोला, हलके व्हा.'

शेजारची गोजराबाई बोंबील वाळत टाकता टाकता पाटी एका पोराकडून वाचून घेऊन हसली.

"आमाला रडायला कदी सायकल लागली नाय रे. पदर पुरला."

"म्हणून तर तुमी नव्वदीला पोचता काकी, नि आमी साठीच्या आत खपतो."

"खपता तेपन न सांगता," गोजराबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन बोंबलांकडे वळली.

कमलाकांतला त्याचं काही नव्हतं. रामू गेल्यापासून तो बोलला नव्हता. मुलाला अग्नी दिला तेव्हा नाही, बाराव्याला नाही, साहेबांनी माणूस पाठवून कामावर कधी येतोस विचारलं तेव्हाही नाही. जेवायचा, झोपायचा, समोर बघायचा. एके काळी त्याच्या तोंडाला कंटाळून पुष्पलता माहेरी जाऊन बसली होती. आमटीत मीठ कमी पडलं तरी सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस. आता ती मुद्दाम अळणी आमटी वाढायची. तो ती निमूट प्यायचा. एक शिवी, एवढंच तिचं मागणं होतं. देवाकडे माणसं काय काय मागतात.

तिने हँडल त्याच्या हातात दिलं. हाताला ते ओळखीचं वाटलं असावं. तो उठला, सायकल रस्त्यावर घेतली आणि बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पलता चिंधी हातात घेऊन तशीच उभी राहिली, फेरी खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत.

दुपार कलल्यावर बायका देवळाजवळ जमल्या. चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं. उन्हात करपलेली माणसं एकेक करून आली. धापा टाकत, हसत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत. बोलणी मात्र चालली होती ती चढाची, पंक्चरची आणि डॉक्टरांच्या टकलाची. हरेश्वर सायकल टाकून सरळ पुष्पलताकडे धावला.

"बोलला, वयनी! दादा बोलला!"

तिने हातातला पेला खाली ठेवला.

"काय बोलला?"

"येताना आमी फुडं, तो मागं. मी वळून बघतो तर तोंड चालू! कुंभवली गेली म्हणतो, आता नवापूर येल म्हणतो. खड्डा हाय, धर म्हणतो. म्हटलं दादा, आमाला रस्ता ठावूक नाय का? जन्म गेला याच रस्त्यावर! पन बोलू दिला. बोलूद्या म्हटलं, काय हवं ते बोलूद्या."

"गाऱ्हाणं पावलं गो बाय," गोजराबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. पदर पुरला.

कमलाकांत सगळ्यांच्या मागून आला. सावकाश, खड्डे चुकवत. देवळासमोर त्याने दोन्ही ब्रेक हलकेच दाबले, एक पाय जमिनीला टेकवला आणि दुसरा पाय दांड्यावरून, पुढून काढून उतरला. मागून टांग टाकली नाही. कॅरिअरवर कुणी बसलेलं असलं की माणूस असा उतरतो.

पुष्पलताची नजर रिकाम्या कॅरिअरवर गेली.

साप चावला त्या दिवशी रिक्षा मिळाली नव्हती. रामूला कॅरिअरवर बसवून, पंच्याने आपल्या कमरेशी बांधून कमलाकांत बोईसरला निघाला होता. झोपू द्यायचं नाही, असं गावातल्यांनी बजावलं होतं. म्हणून तो वाटभर बोलत राहिला असणार. दवाखान्याच्या दारात पंचा सोडला तेव्हा कळलं. पोराने उत्तर द्यायचं नेमकं कुठल्या गावाजवळ थांबवलं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

कमलाकांत सायकल दोन्ही हातांनी सरळ धरून उभा होता. जराही कलू देत नव्हता. चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. दाढीत वाळलेला घामही त्याला शोभत होता. चार माणसांनी हार घातले. कुणीतरी स्टँड लावायला वाकला, तर त्याने डाव्या हाताने त्याला अलगद बाजूला केलं.

"दादा, दमला असशील," हरेश्वर म्हणाला. "फुडच्या महिन्यात डॉक्टर येतील, तवा परत काढू फेरी. येशील ना?"

"उद्या," कमलाकांत म्हणाला.

आवाज थोडा चिरका होता, न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. पण तोच. तिचाच नवरा.

"उद्या जाऊ. आज उशीर झाला."

देवळासमोर एकच गलका उठला. हरेश्वरने त्याला मिठी मारली, कुणीतरी शिट्टी वाजवली.

"ऐकलं का वयनी? उद्या म्हणतो! आता बरा झाला बघा!"

सगळे पुष्पलताकडे बघत होते, म्हणून ती हसली. मग वाकून चहाचा पेला भरू लागली.