पिवळ्या चिठ्ठ्या

माझे वडील, नाना, गेल्यावर पाच आठवडे त्यांचा फोन मीच उचलत होते. दिंडोरीकडच्या बागवाल्या कुसाबाईंना तेवढं ते गेल्याचं सांगायचं राहिलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी, नाना कामात आहेत, म्हणाले. निदान एका बागेपुरते ते असावेत, असं वाटे.

नाशिकच्या अंबडला आमचा द्राक्षबागेच्या फवारणीयंत्रांचा कारखाना. चार वर्षांपूर्वी नानांनी यंत्रं विकायचं कमी केलं आणि फवारणीच पुरवायला घेतली. यंत्र आमचं, दुरुस्ती आमची, औषधही आमचं; शेतकऱ्याने एकराप्रमाणे भाडं द्यायचं. वाया जाणारा थेंब आपलाच असला की माणूस जपून फवारतो, असं ते म्हणत.

छाटणीनंतरच्या फवारणीला मी गेले, तर कुसाबाईंनी आमच्या ट्रॅक्टरवाल्या बुधाला फवारा वाढवायला लावला होता. पानं निथळत होती. निम्मं औषध मातीत जातंय, मी म्हणाले. पान निथळल्याबिगर औषध पोचतच नाय, त्या म्हणाल्या. नानांनी सांगितलं तरच कमी करीन.

"नानांनीच सांगितलंय. आज सकाळी."

त्यांनी लगेच मानलं. बुधा दुसरीकडे बघू लागला. मग त्यांनी नानांचा खोकला विचारला, भूक लागते का विचारलं. कमी आहे, लागते, मी म्हणत गेले. त्यांनी विचारतच राहावं असं वाटत होतं.

"फोन लाव. दोन शब्द बोलते."

नानांचा फोन माझ्या पर्समध्येच होता. मग मी सांगितलं, नाना पाच आठवड्यांपूर्वीच गेले.

त्या बांधावर बसल्या. म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालू नये, पोरी. ते नुसतं सांगत नव्हते. करून दाखवायचे."

पाणी पडलं की निळ्या होणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या नाना पानांमागे लावत. मी दोन ओळींत तशा लावल्या. बुधाने टाकीत साधं पाणी भरलं. एक ओळ वाढवलेल्या फवाऱ्याने केली, एक कमी करून. पहिल्या ओळीतल्या चिठ्ठ्या नुसत्या निळ्या, ओघळलेल्या. दुसरीतल्यांवर बारीक, दाट ठिपके. पान मात्र निथळत नव्हतं.

कुसाबाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"कोणत्या वारी गेले?"

"मंगळवारी."

त्या बोटांवर मागे मोजत गेल्या. "तवा हीच ओळ छाटत होतो आम्ही," त्या म्हणाल्या, आणि बुधाला फवारा कमीच ठेवायला सांगितला.