साडेसातीचं अपील

यशोधनला हल्ली चार लोकांत आईची फजिती सांगायचा नाद लागला होता, आणि मधुमतीबाईंना तो मुळीच खपत नव्हता. पोरगा लेस्टरच्या हॉस्पिटलात मोठा डॉक्टर, पण मंडळाच्या गणपतीत प्रसादाची वाटी हातात धरून सांगायचा, "आमच्या आईनं स्वतःची केस स्वतःच बुडवली." लोक हसायचे. शिरा घशात अडकायचा तो बाईंच्या.

केस साधी होती. सुपरमार्केटातला फ्रीझर गळत होता, पाणी कुणी पुसलं नव्हतं. बाई वाटाण्याची पिशवी घ्यायला वाकल्या त्या आडव्याच झाल्या. घोटा मोडला. यशोधननंच दुकानावर दावा लावायला लावला. कोर्टानं दुभाषा दिला. दुकानाच्या वकिलानं साखरेत घोळून विचारलं, "तुम्ही पडलात, याचा दोष कुणाला देता?"

आता साडेसाती चालू असताना माणूस दुसऱ्या कुणाचं नाव घेणार?

"शनीला," बाई म्हणाल्या.

"हा शनी दुकानात कामाला आहे का?"

"छे, तो वर आकाशात. दुकानातल्या बिचाऱ्या पोरींचा काय दोष?"

झालं. बाईच दुकानाला दोष देत नाहीत म्हटल्यावर जजनं दुकानवाल्यांना एक अक्षर न विचारता दावा फेटाळला.

अपील केलं ते बाईंच्या हट्टापायी. जिंकलं तर खटला पुन्हा चालणार. हरलं तर 'केस बुडवणारी' हे बिरुद जन्माचं चिकटणार. घोट्यापेक्षा बाईंना तेच जास्त ठणकत होतं.

अपिलाच्या दिवशी लंडन येईपर्यंत ट्रेनमध्ये यशोधनचं एकच पालुपद. "आई, आज तुला कुणी काही विचारणार नाही. नुसती बस. शनीचं नाव काढू नकोस."

"शनिवार म्हटलेलं चालेल की तेही नको?"

कोर्टात तीन जज होते, तिघांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचे टोप. बाईंना तिघंही पाहताक्षणी आवडले. "किती वाळलेत रे. यांना कुणी जेवायला घालत नाही का?"

"आई, हळू."

दुकानाचा वकील उभा राहिला आणि फिरून शनीवर आला. मधल्या म्हाताऱ्या जजनं चष्मा नाकावर ओढून काहीतरी विचारलं, आणि अख्खं कोर्ट हसलं.

बाईंनी यशोधनला कोपर मारलं. "काय म्हणाला?"

"विचारतोय, फ्रीझर दुरुस्त करणं शनीकडे होतं का."

बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे थांबेनात. पुढची बाई वळून बघायला लागली.

"आता काय म्हणतोय?"

"म्हणतोय, गिऱ्हाइकाचा ग्रहांवर विश्वास असला म्हणून दुकानाची फरशी कोरडी होत नाही. पाणी का पुसलं नाही, ते दुकानाला विचारायला हवं होतं." यशोधनचा आवाज शब्दागणिक बारीक होत चालला होता.

"मोठ्यानं सांग रे, ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर त्यांची वकील सुनीती धावत आली. पोरगी वेम्बलीत जन्मलेली. "आजी, आपला अपील जिंकली. केस परत चालणार."

एरवी बाईंनी त्या मराठीची खरडपट्टी काढली असती. आज त्यांनी तिच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, आणि काठी काखेत मारून पोरीसारख्या दोन पायऱ्या उतरल्या.

यशोधन मागोमाग आला. "छान झालं, आई. पण आता परत साक्ष द्यायचीय. या वेळी दोष दुकानाला दे. शनी नको, प्लीज."

बाई थांबल्या. टोप सारखा करावा तसा त्यांनी डोक्यावर पदर सारखा केला.

"ऐक. साडेसाती माझी, पाणी त्यांचं. दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्ही सांगणार. तीन गोऱ्या म्हाताऱ्यांना एका सकाळीत कळलं ते तुला इतकं शिकून कळलं नाही. घरी गेल्यावर मंडळातल्या एकेकाला फोन लावायचा आणि सांगायचं, केस आईनं नाही, पहिल्या जजनं बुडवली होती. आणि तुझं अपील फेटाळलं, खर्चासकट."