पोटॅशियमचा माग

“पाय उचला बाबा. हाताने धरून नाही, पायानेच.”

आपेरामोने जोर लावला. पाय खाटेवरून जेमतेम हलला आणि पुन्हा पडला.

“वाळूचं पोतं झालंय त्याचं,” म्हातारा म्हणाला आणि हसला. “तेउइला, देवाला निरोप धाड. म्हणावं, चर्चमधले पुरुष अजून बेसूर गातात. त्यांना सुरात आणतो, मग बोलव.”

नर्स तेउइला हसली, पण तिची बोटं त्याच्या मनगटावर होती आणि नाडी फार सावकाश चालली होती. तिने छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. लाटांची टोकं तंबूसारखी वर गेलेली. अशीच पट्टी याच माणसाची तिने गेल्या महिन्यातही काढली होती.

“पुन्हा पोटॅशियम,” डॉक्टर इओसेफो पट्टी बघताच म्हणाले. रक्तात ते वाढलं की स्नायू ढिले पडतात, आणि हृदय हाही स्नायूच. रक्त तपासायला गेलं, पण दोघं त्यासाठी थांबली नाहीत. हृदय सावरायला शिरेतून कॅल्शियम दिलं, मग साखरेचं पाणी आणि इन्सुलिन. दुपारपर्यंत नाडी ताळ्यावर आली आणि आपेरामोने स्वतःच्या पायाने चादर लाथाडली.

त्याची मूत्रपिंडं अर्धीच काम करत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर गेल्या खेपेला नारळपाणी, केळी, नीरफणस सगळं बंद केलं होतं. रक्तदाबाची गोळीही बदलली होती. तरी हे आलं कुठून?

“लुपेकाकी,” डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारलं, “रागावू नका, पण नारळपाणी? अधूनमधून, थोडंसं?”

लुपे चटईवर बसून नवऱ्याला वारा घालत होती. तिचा पंखा थांबला.

“आमच्या दारातले नारळ मी भावाच्या डुकरांना घालते. नवरा टकामका बघत बसतो आणि डुकरं खातात. अजून काय करू? मीठ म्हणालात, मीठ बंद केलं. केळी म्हणालात, केळी बंद. मी खोटं बोलत्येय असं वाटतं का तुम्हाला?”

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “उतरवायचं कसं ते मला येतं. पण चढतंय कशाने ते कळलं नाही, तर पुढच्या खेपेला हा माणूस इथवर पोचेल की नाही, सांगता येत नाही. ती खोटं बोलतेय असं वाटतं तुला?”

“नाही,” तेउइला म्हणाली. “म्हणून तर डोकं चालत नाहीये.”

सावाई बेटावरच्या त्या लहानशा इस्पितळात तिची सगळी नोकरी झाली होती. बढतीसाठी राजधानीला, आपियाला जायची संधी तिने दोनदा सोडली. पण एखादी गोष्ट उमगली नाही की तिला जेवण गोड लागत नसे. नवरा चेष्टेने म्हणायचा, हिला बाजारात पाठवलं की मासळी थोडी येते आणि बातम्या टोपलीभर.

दुसऱ्या दिवशी लुपे कपडे न्यायला घरी निघाली, तेव्हा तेउइलाही तिच्याबरोबर बसमध्ये चढली.

“झडती घ्यायला येतेस?” लुपेने विचारलं.

“जेवायला येते.”

दारी आलेल्याला जेवू न घालता पाठवणं लुपेच्या रक्तात नव्हतं. घरी पोचल्यावर तिने चूल पेटवली. तेउइला मांडी घालून खांबाला टेकली आणि बघत राहिली. भात. माशाचं पातळ कालवण, कांदा, लिंबू. यात पोटॅशियम असलं तरी माणूस आडवा पडेल इतकं खचित नव्हतं.

तिने पहिला घास घेतला आणि थबकली.

कालवण खारट होतं. चांगलं खारट. पण गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवट चव राहिली, पत्र्याचा चमचा चाटल्यासारखी.

“काकी, मीठ बंद केलंय म्हणालात ना?”

“बंदच आहे!” लुपे अभिमानाने उठली आणि फळीवरून एक उंच डबा घेऊन आली. वर लाल बदाम छापलेला. “हे ते मीठ नव्हे. हे हृदयवाल्यांचं. फेतू पाठवते ऑकलंडहून. इथल्या मिठाच्या चौपट महाग. बापाला अळणी गिळवत नाही म्हणून रडली होती फोनवर.”

तेउइलाने डबा फिरवला. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, जे लिहिलं होतं ते तिने एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं. हे कोडं सुटलं की आपल्याला आनंद होईल, असं तिला कालपासून वाटत होतं. झालाही, क्षणभर. मग तिने वर पाहिलं. लुपे ताटाकडे बघत उभी होती, पाहुणीने जेवण का थांबवलं ते न कळून.

“बसा काकी,” ती म्हणाली. “ज्यांची मूत्रपिंडं धड आहेत, त्यांना हे चालतं. बाबांना नाही. हे मीठ म्हणजेच ते पोटॅशियम.”

लुपे बसली. डबा मांडीवर घेऊन तिने वरचा बदाम अंगठ्याने पुसला.

“मी रोज घालत होते,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा. जरा जास्तच, त्याला आवडतं म्हणून.”

तेउइला सरकून तिच्याजवळ बसली.

डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा ते कपाळाला हात लावून हसले. “मीठ खाता का, असं विचारलं मी. कसलं मीठ, ते विचारायचं सुचलंच नाही.”

“मला तरी कुठे सुचलं?” तेउइला म्हणाली.

संध्याकाळी ती आपेरामोची सुई काढत होती, तेव्हा लुपेचा फोन वाजला. पडद्यावर फेतू, फळं भरायच्या कारखान्यातली टोपी अजून डोक्यावर.

“आई, कशाने झालं? कळलं का काही?”

लुपेने तेउइलाकडे पाहिलं. तेउइला कापूस दाबत राहिली.

“वयाने होतं गं असं. पण डॉक्टरांना आता नेमकं औषध सापडलंय.”

“आणि मीठ आहे ना? नवा डबा घेऊन ठेवलाय मी.”

“तो राहू दे, पोरी. बाबाची चव बदलली. त्याला आता लिंबूच आवडतं.” तिने फोन नवऱ्याकडे वळवला. “सांगा तिला.”

आपेरामोने बायकोकडे पाहिलं. “लिंबू,” तो फोनला म्हणाला. “लिंबासारखं काही नाही.”

फोन बंद झाल्यावर लुपेने जेवणाच्या डब्यातून अळणी भात आणि मासा काढला. पहिला घास तिने स्वतः खाल्ला, सावकाश चावला, तोंड जराही वाकडं न करता गिळला.

“चांगला झालाय,” असं म्हणून तिने दुसरा त्याच्या तोंडाशी नेला.