विचारल्याशिवाय तारीख नाही

केनवडच्या महिला बचत गटाची हळद पावडर आता मोबाइलवर विकली जायची. भाव आणि पोचवायची तारीख यांची बोलणी गटाचा सॉफ्टवेअर एजंट करायचा. समोरून गिऱ्हाईक कंपनीचाही तसाच एजंट बोलायचा.

त्या सकाळी हळद दळायच्या चक्कीची मोटर जळाली आणि गटाच्या अध्यक्ष रत्नमाला धावतच गटाचा मोबाइल सांभाळणाऱ्या निताकडे आल्या. पुण्याच्या एका कंपनीशी एजंटची बोलणी सुरूच होती.

“निता, त्यानं सोमवारचा शब्द देल्ला असन तं? माल कुठून आणाचा?”

निताने फोन उघडला. दोघींनी सगळी बोलणी वाचली. कंपनीच्या एजंटने भाव वाढवत तीनदा सोमवार मागितला होता. गटाच्या एजंटने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं होतं, ‘तारीख गटाला विचारून सांगतो.’

“हे कोनं शिकवलं त्याले?”

“म्या. मागच्या ऑर्डरीत आपली लय धावपळ झाली, तवाच लिवून ठेवलं.”

मोटर दुरुस्तीचे दिवस धरून रत्नमालाने पुढच्या शनिवारची तारीख टाकली. मिनिटभरात कंपनीच्या एजंटने ती मान्य केली.

ती हळदीच्या पोत्यावर टेकली आणि हसली. “मले तं त्याले चहा पाजावा वाटून राह्यला.”