शब्बाथचा फोन

आमेन आलंच नाही.

मी फोनजवळच्या खुर्चीत विणत बसले होते. भिंतीपलीकडे प्रार्थना चालू होती. हजानकाका, म्हणजे तिथे प्रार्थना सांगतात ते, त्यांचा एकेक आशीर्वाद म्हणून झाला की सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत एकच आवाज उठायचा, "आऽमेन!" बाकीचे त्याच्या मागून. आज नुसते बाकीचेच आले.

म्हटलं, आमेनदादाला उशीर झाला असेल उठायला. पुढच्या आशीर्वादाला कान दिला. तेव्हाही नाही. विणकामाचा एक टाका सुटला, तो उचलायचंही मला सुचेना.

मी काही त्यांच्यातली नाही, आणि म्हणूनच तिथे होते. ही संस्था ज्यू समाजाची. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ज्यांची समज लहान मुलाएवढीच राहिली, अशा आपल्या माणसांसाठी काढलेली. त्यांना दिवसभर बसायला हॉल, न्यायला-आणायला गाडी, घरी जाऊन आंघोळ घालणारी, व्यायाम करून घेणारी माणसं, सगळं आहे. पण शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. काम नाही, दिव्याचं बटण नाही, फोन नाही. बरं, आजारपण काही शब्बाथ बघून येत नाही! मग संकटाच्या फोनशी बसायला बाहेरचं माणूस हवं. ती मी. केस काळे होते तेव्हापासून बसतेय. सगळी मला 'शनिवारची बाई' म्हणतात, आणि आमेनदादा म्हणायचा 'शनिवारमावशी'.

आमेनदादा चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी झालेला गडी. पण बुटाची नाडी आई बांधायची. बाप कधीच गेलेला, घरात ही दोघंच. आई शिवणकाम करायची. झिपा बदलणं, पँटी आखूड करणं, असलं. मी तिला शिवणताई म्हणायची. हा तिच्या मशीनशेजारी बसून बटणं रंगांप्रमाणे लावायचा. कुणी दमलेलं दिसलं की म्हणायचा, "जा, झोप जा." अगदी हजानकाकांनासुद्धा.

शिवणताईच्या डोक्यात एकच किडा होता. "बाई, माझ्यामागे याचं काय हो? मी आधी जाणार, हे तर ठरलेलंच."

"तू कुठली जातेस," मी म्हणायची, "यमाची पँट आखूड करायची राहिलीय अजून." ती हसायची, पण दोरा तोडताना दात जरा जास्तच जोरात लावायची.

त्या वर्षी संस्थेनं घरोघर बटणं दिली. गळ्यात दोरीनं अडकवायचं लाल बटण आणि भिंतीला एक डबी. बटण दाबलं की आमच्याकडे फोन वाजतो आणि डबीतून बोलता येतं. शिवणताईचा रक्तदाब सारखा चढायचा, म्हणून तिला पहिल्याच फेरीत मिळालं. झालं! आमेनदादाला नवं खेळणं सापडलं. आई जरा वाकली की हा बटण दाबणार आणि डबीकडे तोंड करून ओरडणार, "शनिवारमावशी, जेवलीस का?" तीनदा तर गाडी उगाच धावली. शेवटी एका शुक्रवारी, आई शब्बाथचे दिवे लावून प्रार्थनेसाठी डोळ्यांवर हात धरून उभी असताना यानं दाबलं आणि ड्रायव्हर दणदण दार वाजवत आत शिरला. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या आठवड्यात मी गेले तर प्रकरण मिटलेलं. "कसं ग जमवलंस?" मी विचारलं.

"सोप्पं. त्याला 'कधी दाब न कधी नको' हे नाही हो कळत. त्याला शब्बाथ कळतो. म्हटलं, दिव्याच्या बटणाला शब्बाथला हात लावतो का आपण? नाही ना? मग हेही तसंच. इतर दिवशी मी त्याच्यावर डोळा ठेवीन. शब्बाथला तेवढा जिवाला निवांतपणा."

आमेनदादा मान वर करून म्हणाला, "मी शहाणा आहे. शब्बाथला नाही दाबत."

"शहाणाच आहेस," ती म्हणाली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. मीही हसले. त्यात काही वावगं आहे असं आमच्या दोघींच्या मनातही आलं नाही.

तर त्या शनिवारी आमेन आलं नाही, आणि फोनही गप्प होता. एरवी तो गप्प असला की मला बरं वाटतं. त्या दिवशी मात्र त्याच्याकडे बघवेना. पावसापाण्यातही हा पठ्ठ्या आईच्या हाताला धरून सगळ्यांच्या आधी येऊन दाराजवळच्या बाकावर बसलेला असायचा.

फोन सोडून जायचं नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम. तरी मी उठले आणि हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. हजानकाका समोरच होते. मी दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडे बोट केलं. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडातली प्रार्थना थांबली नाही, पण मान हलली, जा. मी पायांत चपला सरकवल्या आणि निघाले.

त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. सकाळ असून पडदे ओढलेले. वाटेत मी स्वतःशीच बडबडत होते, ताप असेल ग, सर्दी असेल, कशाला नाही ते मनात आणतेस. दारावरची बेल दाबली आणि जीभ चावली. शब्बाथला या घरात बेलला कुणी ओ देत नाही. मग हातानं ठोठावलं.

आतून अगदी हळू आवाज आला, "कोण?"

"मी, शनिवारमावशी. उघड रे."

"हळू. आई झोपलीये."

"आमेनदादा, दार उघड. दार उघडलेलं चालतं ना?"

मग म्हणाला, "चालतं, पण माझा हात रिकामा नाहीये."

"एक क्षण रिकामा कर, राजा. मी आत आले की पुन्हा धर."

सरपटल्याचा आवाज, कडीचा आवाज, आणि दार उघडायच्या आत तो धावत परतही गेला.

शिवणताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेली होती. डोक्याखाली उशी. अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चादरी, आणि सगळ्यांच्या वर त्याची प्रार्थनेची शाल. टेबलावर आदल्या संध्याकाळचे दोन दिवे जळून काजळून गेलेले. म्हणजे दिवे लावले आणि पडली. शब्बाथला बटणाला हात लावायला नको म्हणून लावलेल्या टायमरनं रात्री घरातले दिवे आपोआप बंद झाले, तेव्हा दोघं तशीच अंधारात. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवं अंग लाकडासारखं. पण डोळे उघडे होते. त्या डोळ्यांनी तिनं मला पाहिलं आणि ते भरून आले.

तिच्या डाव्या हाताचं मनगट त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"आई वेड्यासारखं करत होती," तो कुजबुजला. त्याचे डोळे लाल होऊन सुजले होते. "सारखी बटणाकडे हात नेत होती. शब्बाथ होता ना! म्हणून मी धरला. झोपलोच नाही. सोडलाच नाही. मी शहाणा आहे ना, शनिवारमावशी?"

ताई माझ्याकडेच बघत होती. डोळ्यांनी काय सांगत होती ते एका बाईला दुसरीनं सांगायला लागत नाही. त्याला काही बोलू नको, एवढंच.

"शहाणा आहेस," मी म्हटलं.

आणि वाकून मी तिच्या गळ्यातलं बटण दाबलं.

"मावशी! शब्बाथ!" तो किंचाळला.

"माझा नाही रे शब्बाथ. मला चालतं."

हे त्याला पटलं. पण दाबल्यावर माझ्या लक्षात आलं, फोनशी आहे कोण? खुर्ची तर मी रिकामी टाकून आले. अँब्युलन्सला आपल्या मोबाईलवरूनच लावावा म्हणून मी पिशवी उपसायला लागले, तेवढ्यात भिंतीवरची डबी खरखरली आणि आवाज आला, "बोला बाई, मी ऐकतोय."

हजानकाका! प्रार्थना दुसऱ्याच्या हाती सोपवून माझ्या खुर्चीत येऊन बसले होते. "अँब्युलन्स पाठवा काका, लवकर," मी म्हटलं. "पाठवतो," ते म्हणाले. एवढंच. इतकं सोपं होतं ते.

आमेनदादा मात्र त्या डबीकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. "हजानकाकांनी फोन उचलला?" तो म्हणाला. "शब्बाथला?"

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "काल रात्रीच आणलं असतं तर..." मी त्यांना डोळ्यांनी दटावलं, कारण मागच्या बाकावर तो बसला होता आणि आईची चप्पल मांडीवर घेऊन तिच्यावरची धूळ पुसत होता. शिवणताई दोन दिवस राहिली आणि गेली. मातीच्या वेळी सांगितल्याप्रमाणे त्यानं मूठभर माती टाकली, हात झटकले आणि म्हणाला, "जा, झोप जा." तिथे कुणालाच रडू आवरेना.

संस्थेच्या मागच्या अंगाला राहायच्या खोल्या आहेत. त्यातली एक त्याला मिळाली. माझ्यामागे याचं काय, या ताईच्या प्रश्नाला तेवढं तरी उत्तर होतं. तो खायचा, बटणं लावायचा, बोललं की बोलायचा. पण दिसेल त्याला एकच विचारायचा.

"हजानकाकांनी फोन का उचलला?"

स्वयंपाकिणीला विचारी, ड्रायव्हरला विचारी. सगळे मूग गिळून बसायचे. खरं उत्तर दिलं तर तो पुढचा विचार करणार. त्याची समज लहान होती, पण एकदा धरलेला धागा तो सोडत नसे. आणि त्या धाग्याच्या टोकाला काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तशात संस्थेची तरुण व्यवस्थापिका म्हणाली, "त्याच्याही गळ्यात बटण घालावं लागेल. आणि कधी दाबायचं ते नीट शिकवावं लागेल. शब्बाथलासुद्धा. नाहीतर उद्या त्याच्याच जिवावर बेतेल." मुलगी वाईट नव्हती, आणि बोलत होती तेही खरं होतं. तिनं ते काम माझ्यावर आणि हजानकाकांवर टाकलं.

काका खोलीबाहेर माझ्याशेजारी उभे राहिले. आठवड्यात दहा वर्षांनी थकले होते. "बाई, नियम जुनाच आहे हो. आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतो. जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडायचा. मोडायलाच हवा. फक्त त्याला कुणी सांगितला नाही. मीही नाही. वाटलं, त्याला काय करायचाय."

"मग आता काय सांगायचं?"

"खरं. धर्माच्या बाबतीत मी खोटं बोललो तर मग माझ्या तोंडात उरलं काय?"

"आणि त्याचं काय उरेल?" मी जरा तोडूनच बोलले. मला राग आला होता, कुणाचा ते ठाऊक नाही.

आम्ही आत गेलो. शुक्रवारची दुपार होती, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. मी त्याच्याशेजारी बसले. त्यानं माझं मनगट धरलं. हल्ली कुणी जवळ बसलं की तो तसंच धरायचा, दोन्ही हातांनी, घट्ट. मी दुसऱ्या हातानं बटण त्याच्या गळ्यात घातलं.

"ऐक. कुणी पडलं, कुणाला बरं नाही वाटलं, तर हे दाबायचं. तू पडलास तरी दाबायचं. शब्बाथ असला तरी."

तो हसला. मी चूक केली की हसायचा तसा. "शब्बाथला नाही दाबत."

"दाबायचं. हजानकाकांनी फोन उचलला ना? तो म्हणूनच. आई आजारी होती म्हणून."

त्याचं हसू गेलं. तो माझ्याकडे बघेना, त्याच्या हातातल्या माझ्या मनगटाकडे बघत राहिला. बाहेर कुणाच्या तरी चाकाच्या खुर्चीची कुरकुर होत गेली. मला वाटलं, आता विचारणार.

आणि त्यानं विचारलंच. पण मला नाही, मान वर करून काकांना विचारलं. "आईच्या वेळी पण होता हा नियम?"

काका उभे होते. आयुष्यभर शब्दाला शब्द जोखून बोललेला तो माणूस. मी खाली बघितलं. त्यांच्या वतीनं मला बोलता आलं नसतं, माझ्या बोलण्याला त्याच्या लेखी किंमतही नव्हती. माझा कुठे शब्बाथ होता?

"नाही रे बाळा," काका म्हणाले. "आईच्या वेळी नव्हता. नवा आहे. तुझी आई पडली, ते कळलं, त्या क्षणापासून लागू."

"नवा?"

"नवा."

तो ते मनात घोळवत राहिला. मग म्हणाला, "मग आता हात नाही धरायचा."

"नाही धरायचा," काका म्हणाले.

"आमेन," तो म्हणाला, अगदी हळू, आणि एकेक बोट उचलत त्यानं माझं मनगट सोडलं.