सतराव्या पानावरचं नाव

अहवालात शिंपल्यांवरच्या प्रयोगशाळेसमोर शून्य पाहिलं आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

कोणतं पेटंट कोणत्या संशोधनावर उभं आहे हे मोजणं, हेच तिचं काम. ज्या प्रयोगशाळेचा एकाही पेटंटशी धागा जुळत नाही, ती यंदा बंद होणार होती. शिंपले ओल्या खडकाला कसे चिकटतात हे वीस वर्षं शोधणाऱ्या, तिच्या ओळखीच्या मॅडमची प्रयोगशाळाही त्या यादीत होती. आणि जखमा चिकटवणाऱ्या औषधाचं पेटंट तर तिने स्वतः वाचलं होतं! सतराव्या पानावर मॅडमचं नाव, शिंपल्यांच्या डिंकाची त्यांची कृती, तापमानासकट.

ती तडक साहेबांकडे गेली.

"आकडे काढणारा प्रोग्रॅम फक्त पहिल्या पानावरची संदर्भयादी वाचतो," साहेब म्हणाले. "सतराव्या पानापर्यंत वाचायचा पगार मिळतो का आपल्याला?"

"मग कशाचा मिळतो?"

साहेबांनी फोन उचलला. म्हणजे, निघा.

तिने मॅडमना कळवलं. त्या हसल्या. "शून्य? नशीब, उणे नाही दिलं!" पण पाठोपाठ म्हणाल्या, "दोन मदतनिसांना कालच नारळ दिला गं." ते ऐकून तिला बसवेना.

तीन आठवडे तिने दोनशे बारा पेटंटं अथपासून इतिपर्यंत वाचली. अडतीस ठिकाणी मॅडमचं काम सापडलं. साहेबांनी यादी न वाचताच बाजूला सारली. "पद्धतीत बसत नाही."

कोणत्या प्रयोगशाळा ठेवायच्या हे ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत तिने फक्त स्लाइड पुढे सरकवायच्या होत्या. शून्याची स्लाइड आली आणि ती उठली. सतरावं पान मोठ्याने वाचू लागली. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बसा." ती बसली नाही. पान संपवलं, मग त्या अडतीस ठिकाणांची यादी अध्यक्षांपुढे आपटली.

"हे आकड्यात का नाही?" अध्यक्षांनी विचारलं. साहेबांनी आता कुठे ती यादी उचलून वाचायला घेतली.

प्रयोगशाळा वाचली. मदतनिसांना मात्र कुणी परत बोलावलं नाही, आणि तिची बदली झाली जुन्या फायलींच्या खोलीत.

वर्षभराने नवा अहवाल आला. आता पेटंटचा सगळा मजकूर मोजला जात होता. प्रस्तावनेत साहेबांच्या 'दूरदर्शी सुधारित पद्धती'चं कौतुक होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं, पहिल्या पानावर नाही, सतराव्यावर नाही.

तिने मॅडमना फोन लावला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"अध्यक्षांना पत्र लिही," त्या म्हणाल्या. "खाली माझीही सही घे. आणि भाषा सौम्य ठेवू नकोस."