खालच्या खणातला आवाज

मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणी कौतुक करावं असं माझ्यात काही उरलेलं नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. काळं अंग, एका कोपऱ्याला पोचा आणि सुरू झाले की किर्र आवाज. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतलेली माणसं धुळीच्या कणालाही आत येऊ देत नसत. माझ्या पोटात एक चकती बसवली, पोट बंद केलं आणि मी एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसले.

मला विकत घेतलं गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांचा नियम होता, तीन प्रती, तीन जागा. प्रश्नपत्रिकेची एक प्रत शाळेच्या कपाटात, एक मुख्याध्यापिकांकडे आणि एक माझ्यात. ठेवून झालं की फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. तेव्हा माझा थाट काय विचारता! रुमालात गुंडाळून नेत मला.

बाई निवृत्त झाल्या आणि घरात बोटाएवढा पेन ड्राइव्ह आला. "हे धूड कशाला आता?" असं म्हणत बाईंच्या धाकट्या भावाने, म्हणजे घरातल्या मामाने, मला टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. शेजारी जुने चार्जर होते. गरज सरो, वैद्य मरो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे बाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. बाईंची लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तिने रजा टाकली आणि आठवडाभर आईचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. चाळीस फाइली झाल्या. गोष्टी, पाढे, लेकीला मारलेल्या हाका. एका फाइलीत बाई नुसत्या रागावल्या आहेत, कारण या सगळ्या नादात दूध उतू गेलं.

बाईंना चटकन सापडावं म्हणून मामाने सगळ्या फाइलींचे शॉर्टकट एका फोल्डरमध्ये मांडून दिले. लेकीने तोच फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. शॉर्टकट म्हणजे घराचा रस्ता दाखवणारी पाटी. पाटी पेन ड्राइव्हवर गेली, घर कॉम्प्युटरमध्येच राहिलं. चाळीस फाइली डोळ्याचं पातं लवेपर्यंत कशा उतरल्या, हा प्रश्न कुणाला पडला नाही. क्लाउडवर ठेवायचंही ठरलं होतं, पण तिथली फुकटची जागा सहलीच्या फोटोंनी भरलेली.

"पेन ड्राइव्हवर आहेत ना? मग झालं तर," मामा म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेक औषधं आणायला गेली होती. बाईंनी खण उघडला, पदराने माझी धूळ पुसली आणि मूळ फाइली माझ्यात उतरवल्या. मग एकेक उघडून शेवटपर्यंत ऐकली. कुणाला सांगितलं नाही. सवयीची गोष्ट कोण कुणाला सांगतं?

बाई दवाखान्यात असताना मामाने एक पराक्रम केला. कॉम्प्युटर फार मंद झाला म्हणून तो पुसून कोरा केला. त्यानंतर लेकीने पेन ड्राइव्ह लावला. नावं चाळीसच्या चाळीस दिसली, उघडेना एकही.

"मामा, काहीच वाजत नाहीये."

"असं कसं? परत लाव बघू."

सात वेळा लावला. मामा खुर्चीत बसला तो बसलाच. "काय करून बसलो गं मी हे," एवढंच म्हणाला.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. पण आम्हाला कुणी जोडल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. इतकी असहाय मी कधीच नव्हते.

बाई घरी आल्या आणि वहीत लिहून बोलू लागल्या. चहा कडक कर. खिडकी उघड. फाइली गेल्याचं लेकीने आठ दिवस आईपासून लपवलं. नवव्या दिवशी ती आईच्या पायाशी बसून रडली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी शांतपणे पेन उचललं. लिहिलं, "खालचा खण. तीन प्रती, तीन जागा. एवढी वर्षं काय शिकवलं मी?"

मामाने माझी वायर जोडली. मी किर्र केलं, अडखळले, पुन्हा फिरले. चाळीसपैकी दोन फाइली काही माझ्याने निघाल्या नाहीत. पाढ्यांच्या होत्या. वय झालं माझं, पण लाज वाटलीच.

म्हणून सांगते मित्रांनो, साधन कुठलंही निवडा, पण एकट्यावर विसंबू नका. माझ्यावरही नाही. आणि ठेवलेलं एकदा उघडून बघत जा.

त्या दिवशी लेकीने पहिली फाइल लावली. आधी जरा खरखर झाली. मग बाईंचा वर्गातला खणखणीत आवाज आला, "ऐकू येतंय का गं?"

वही मांडीवर ठेवून बाई लेकीकडे बघत होत्या.

"येतंय, आई," लेक म्हणाली.